रिकामा खोका

त्या सीसीटीव्हीच्या क्लिपमध्ये माझ्या डोक्यात काय बसलं असेल तर तो माणूस पायरीवर बसून लेस बांधतोय ते. म्हणजे चोर म्हटल्यावर आपल्याला वाटतं उचललं आणि पळाला. हा पळाला नाही. पहाटेचे पावणेपाच वाजलेत, चौथ्या मजल्याचा पॅसेज, समोरच्या काकांनी दुधाच्या पिशव्या जायला लागल्या म्हणून बसवलेला कॅमेरा, त्यात सगळं करड्या रंगात दिसतं. माणूस येतो, ताईच्या दाराबाहेरच्या रॅकसमोर उभा राहतो, वाकून एक एक जोड बघतो, अगदी दुकानात आल्यासारखा. मग भाच्याचे ते बूट काढतो, पायरीवर बसतो, स्वतःच्या चपला काढतो, बूट घालतो, नीट, घाई न करता लेस बांधतो, उभा राहून दोनदा टाच आपटून बघतो. आणि जाताना स्वतःच्या चपला उचलून रॅकमध्ये बरोबर त्या रिकाम्या जागेवर ठेवतो. जोडीने. टाचा भिंतीकडे. ही क्लिप मी किती वेळा बघितली असेल देव जाणे, भाचा शिव्या घालत बघायचा, ताई हळहळत बघायची, आणि मला आपलं त्या टाच आपटण्याकडेच बघावंसं वाटायचं, कारण तसं मी केलेलं आहे, हुबेहूब, पण ते नंतर सांगतो.

बूट म्हणजे साधे बूट नव्हते. जॉर्डन फोर, म्हणजे नायकेचे, बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनच्या नावाचे. अठरा हजार आणि वर काही. ओंकारला, म्हणजे भाच्याला, नोकरी लागून सात महिने झाले होते आणि हे बूट दुकानात जाऊन "दाखवा हो नऊ नंबर" म्हणून मिळत नाहीत, त्यासाठी ऑनलाईन ड्रॉ असतो, नाव द्यायचं, नशिबात असेल तर पैसे भरायची संधी मिळते. म्हणजे म्हाडाची लॉटरी आणि हे सारखंच. ड्रॉ लागला तेव्हा त्याने ऑफिसातून मला फोन केला होता, मला वाटलं प्रमोशन झालं. घरी आल्यावर त्याने ते पांढऱ्या कागदातून काढले, वास घेतला, आणि परत ठेवले. घातले नाहीत. घातले की पुढे घडी पडते, त्याला क्रीझ म्हणतात, क्रीझ पडली की भाव उतरतो. मी म्हटलं अरे मग घेतलेस कशाला, तर म्हणाला मामा तुला नाही कळणार. खरंच नाही कळलं. सात महिन्यांच्या पगारातून अठरा हजाराचे बूट घेऊन कपाटात ठेवणारा मुलगा आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला पंचवीसला विकले तर काय हरकत आहे असं त्याचं चाललेलं गणित. तीन महिन्यांत एकूण तीनदा घातले असतील. तिसऱ्यांदा मित्राच्या बर्थडेला, रात्री एकला घरी आला, ताईचा नियम पक्का की चपला-बूट उंबऱ्याच्या आत नाहीत, मग ती झोपलेली असो की जागी. कपाटातल्या खोक्यात ठेवायचे तर आधी पुसायला हवेत, तो कंटाळला, म्हणाला एक रात्र राहू देत बाहेर.

एक रात्र.

मग घरात जे व्हायचं ते झालं. "तुझ्या सोवळ्यामुळे गेले" विरुद्ध "अठरा हजार पायात घालतं का कुणी". भावजींनी एकच वाक्य टाकलं, आज वार कुठला, शनिवार ना, गेली साडेसाती. आपल्याकडे ही एक सोय आहेच, चप्पल चोरीला गेली की पीडा गेली म्हणायचं. शनीच्या देवळाबाहेर तर लोक मुद्दाम सोडून येतात. पण अठरा हजारात साडेसाती घालवणं जरा महागच, तेवढ्यात एखादी शांत झाली असती आणि वर ब्राह्मणभोजन.

मी आणि ओंकार पोलीस चौकीत गेलो. हवालदार चांगला माणूस होता, चहा घेता का विचारलं. काय गेलं? बूट. किती जोड? एक. त्याने पेन खाली ठेवलं. किंमत सांगितल्यावर त्याने आधी ओंकारकडे बघितलं, मग टेबलाखाली स्वतःच्या पायांकडे. बिल आहे का? आहे, ईमेलवर. मग त्याने एक फार मार्मिक प्रश्न विचारला, आज विकले तर किती येतील? ओंकार क्षणभर विचार करून म्हणाला, खोक्याशिवाय बारा-तेरा. "खोक्याशिवाय म्हणजे?" म्हणजे ओरिजिनल खोका असेल तर पूर्ण भाव, नसेल तर कमी. हवालदार हसायला लागला. आपल्याकडे खोका म्हटलं की माणसाला हल्ली वेगळंच काहीतरी आठवतं. रात्री मी उगाच नवीन कायदा वाचत बसलो, भारतीय न्याय संहितेत आता असं आहे की चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. वाचून वाटलं की त्या माणसाने त्याच रॅकमधले माझ्या भावजींचे बाटाचे काळे बूट नेले असते तर फार तर कुठेतरी झाडू मारून सुटला असता. चुकीचा जोड निवडला त्याने. की बरोबर निवडला?

ह्या बाबतीत आमच्या आईचं शास्त्र पक्कं होतं. मंगल कार्यालय असो की देऊळ, ती एक चप्पल दारापाशी काढायची आणि दुसरी पार तिकडे तुळशीवृंदावनाजवळ. आम्हाला पण तेच करायला लावायची. कधीकधी तर स्वतःची उजवी आणि माझी डावी अशी जोडी लावून ठेवायची, बघणाऱ्याला वाटावं कुणी वेड्याने काढलीय. "चोराला जोडी लागते," म्हणायची. निघताना आम्ही सगळे लंगडत एकेक चप्पल शोधत फिरायचो आणि मला भयंकर लाज वाटायची. परवा मात्र आईची फार आठवण आली, कारण ओंकारनेच मला एक बातमी दाखवली, जुनीच आहे, २०२३ ची, पेरू देशात वांकायो नावाचं शहर आहे तिथे चोरांनी रात्री बुटाचं दुकान फोडलं आणि २०० च्या वर बूट नेले. सगळे उजव्या पायाचे. अंधारात तीनचाकीवर खोके लादून घेऊन गेले बिचारे. घरी जाऊन पहिला खोका उघडला असेल, उजवा. दुसरा उघडला, उजवा. मला तो क्षण बघायचा आहे, त्याचा सीसीटीव्ही पाहिजे होता.

त्या आठवड्यात ओंकार दुसरं काही वाचतच नव्हता आणि जे वाचेल ते मला पाठवायचा. २०२४ मध्ये बंगळुरात पोलिसांनी दोघांना पकडलं, सात वर्षं अपार्टमेंटच्या दाराबाहेरचे बूट उचलत होते, रिक्षा घेऊन फिरायचे, ७०० च्या वर जोड सापडले, आणि विकायला न्यायचे कुठे तर उटी आणि पुद्दुचेरीला. हे मला पटलं, माल जिथला आहे तिथे विकायचा नाही, मूळ मालक समोर आला तर? दाराबाहेरचा बूट घाट चढून थंड हवेच्या ठिकाणी जातो, चैन आहे. मग अमेरिकेतली, जानेवारी २०२५ ची, ॲरिझोनाच्या वाळवंटात मालगाडीच्या ब्रेकचा पाईप कापून गाडी थांबवली आणि जवळपास २,००० जोड पळवले, किंमत ४,४०,००० डॉलरच्या वर, आणि त्यातले पुष्कळसे जोड दुकानात यायलाच अजून दोन महिने होते. म्हणजे चोरांच्या पायात आधी आणि गिऱ्हाईकाच्या नंतर. आपल्याकडे कोळशाच्या वॅगनवर पोरं चढतात ते बघितलंय, बुटांसाठी गाडी अडवणं म्हणजे पेंढाऱ्यांच्या वरताण झालं.

आणि एक त्याने पाठवली ती मी पूर्ण वाचली आणि फोन पालथा ठेवला. १९८९, अमेरिकेतलंच मेरीलँड, पंधरा वर्षांचा मुलगा. ११५ डॉलर ५० सेंटचे जॉर्डन. रोज संध्याकाळी पुसून ठेवायचा, खोका खोलीत मानाच्या जागी, खोक्यात बिल. घरच्यांनी सांगितलं होतं शाळेत घालून जाऊ नकोस म्हणून. ओळखीच्याच मुलाने गळा दाबून मारला, शाळेजवळच्या रानात सापडला, पाय उघडे. पहिले जॉर्डन १९८५ मध्ये ६५ डॉलरला आले होते, म्हणजे चार वर्षांत बुटाचं हे असं झालं होतं. मी ओंकारला फोन करून म्हटलं, गेले ते बरं झालं. तो चिडला. मी का म्हणालो हे त्याला सांगता आलं नाही. ताईने मात्र त्या दिवसापासून बुटांचा विषय काढणं बंद केलं, म्हणजे तिनेही वाचलं असणार.

आता माझं सांगतो. आम्ही गिरगावात राहायचो आणि बारावी झाल्यावर माझा मित्र दिल्या मला एका शुक्रवारी पहाटे चार वाजता उठवून डेढ गल्लीत घेऊन गेला. ज्यांनी बघितली नाही त्यांना काय सांगू. कामाठीपुऱ्यातली ती गल्ली, तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली, दुसरी अशा चौदापर्यंत, आणि त्यात ही दीड. शुक्रवारी पहाटे अंधारात बाजार भरायचा आणि उजाडलं की गुंडाळायचा. फक्त बुटांचा. रस्त्यावर ताडपत्र्या, गोणपाटं, त्यावर शेकड्यांनी बूट, वर लटकवलेला एखादा बल्ब नाहीतर पेट्रोमॅक्स, आणि गिऱ्हाईकाच्या हातात टॉर्च. वास विसरणं शक्य नाही, चेरी पॉलिश, रबर सोल्यूशन, ओलं चामडं आणि कुठूनतरी येणारा खिम्याचा. सगळाच माल चोरीचा नसायचा हे खरं, कारखान्यातला सेकंडचा माल, एक्सपोर्टमधून परत आलेला, कचऱ्यातून वेचून धुऊन शिवून पॉलिश मारून उभा केलेला, असं सगळं. पण कुठला कसला हे विचारायचं नाही. दिल्याने वाटेत तीनच गोष्टी शिकवल्या होत्या. सोल वाकवून बघ, चीर असेल तर तोंड उघडते. दोन्ही पाय एका नंबरचे आहेत का बघ, सात आणि आठ अशी जोडी लावतात. आणि कुठून आला विचारू नकोस.

पांढरे रीबॉक होते, बाजूला निळी पट्टी. सांगितले सहाशे, घेतले साडेतीनशेला, आणि त्यातले शंभर दिल्याचे. मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून घातले, लेस बांधली, उभं राहून टाच आपटली. दोनदा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायात असा बूट होता ज्याचं नाव लोकांना लांबून कळत होतं, त्याआधी जूनमध्ये एक नंबर मोठा घेऊन पुढे कागदाचा बोळा घालायचा हेच माहीत. उजाडत होतं, ग्रँट रोडपर्यंत आम्ही चालत आलो, खरं म्हणजे मी चालत नव्हतोच.

घरी येऊन बघतो तर बुटाच्या जिभेच्या आत निळ्या बॉलपेनने लिहिलेलं. आर. एम., दहावी ब.

रॉकेलने पुसलं, मग दिल्याच्या भावाकडचा थिनर आणला, अक्षर फिकं झालं पण गेलं नाही, आणि वर पावसाळ्यात घाम आला की मोज्यावर निळा डाग उमटायचा, उलटा. दोन वर्षं घातले मी ते. कुणी विचारलं तर मामाने दुबईहून पाठवले म्हणायचो, आम्हाला दुबईत मामाच नव्हता. एखाद्या शाळेसमोरून जाताना सुटायची वेळ असली तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो, जणू काही दहावी ब चा सगळा वर्ग माझे पाय ओळखणार होता. कधीकधी रात्री वाटायचं, त्या मुलाला घरी किती बोलणी बसली असतील. त्याच्या आईने त्याला एक इथे एक तिथे काढायला शिकवलं नसेल. पण सकाळी परत घालायचो. लाज होती, पण तिच्यापेक्षा ऐट जास्त होती, हे खरं आहे आणि आता पन्नाशीला आल्यावर खोटं कशाला बोलू.

ओंकारला मी हे सांगितलेलं नव्हतं. तो आपला रोज रिसेलच्या ग्रुपवर आणि इन्स्टावर स्वतःचे बूट शोधत बसायचा. मी म्हटलं ओळखणार कसे, तर म्हणे डाव्या बुटाच्या टाचेला एक बारीक सोल्यूशनचा डाग आहे. हजारो जोडांच्या फोटोंमध्ये हा मुलगा तो डाग शोधतोय. मोबाईल गेला तर आयएमईआय नंबर असतो, गाडीला चासी नंबर असतो, बुटाला काय असतं? आतल्या लेबलवर नंबर असतो तो मॉडेलचा आणि साईझचा, त्या साईझच्या सगळ्या जोडांना तोच. आणि गंमत बघा, ह्या धंद्यात सगळी भीती नकलीची आहे. फर्स्ट कॉपी आहे का, शिवण सरळ आहे का, वास कसा येतो, लेजिट चेक करून देणारे लोक पैसे घेतात, परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या ह्याच एका कामावर उभ्या राहिल्यात की बूट आमच्याकडून तपासून जाईल. पण चोरीचा बूट तर सगळ्या तपासण्यांत पास होणार ना, तो शंभर टक्के ओरिजिनलच असतो. खरा आहे का हे सगळे विचारतात, कुणाचा आहे हे कुणी विचारत नाही. डेढ गल्लीत निदान विचारायचं नाही असा नियम तरी होता, इथे प्रश्नच नाही.

आणि चपला? त्या माणसाने ठेवलेल्या चपला पंधरा दिवस रॅकमध्येच होत्या. पोलिसांना नको होत्या, ओंकार फेकून दे म्हणायचा, ताईला दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नव्हता. मी एकदा उचलून बघितल्या. निळ्या पट्ट्याची हवाई चप्पल, टाचेला बाहेरच्या बाजूने इतकी झिजलेली की जमीन दिसेल, उजवीचा अंगठ्याचा पट्टा सुटलेला आणि खालून सेफ्टी पिन घालून अडकवलेला. पिन गंजलेली होती, म्हणजे बरेच दिवस झाले असणार. आंगठ्याची आणि टाचेची जागा काळी पडून खड्डा झालेला. त्यात अख्खं पाऊल दिसत होतं माणसाचं. अठरा हजाराचे बूट ह्या पायांनी टाच आपटून बघितले होते. मला राग आणता येईना, आणि दया आली असं म्हणायला पण जीभ वळत नाही, कारण ओंकारने त्यासाठी सात महिने लोकल लटकून पगार कमावला होता. नंतर एक दिवस चपला दिसल्या नाहीत. जिना झाडायला येणाऱ्या मावशींनी ताईला विचारलं म्हणे, ह्या कुणाच्या, तशाच पडल्यात, नेऊ का आमच्या ह्यांना? ताई म्हणाली न्या. मावशींनी कुठून आल्या हे विचारलं नाही.

आता खोक्याचं. बूट गेल्यावर ओंकारकडे उरला तो रिकामा खोका, आतला पांढरा कागद, आणि जादाची लेस. दोन महिने कपाटावर होता. मग त्याच्या मित्राने सांगितलं खोका पण विकला जातो, दीड-दोन हजार येतात. मला खोटं वाटलं, पण खरंच तसे लोक घेतात, तिकडे परदेशात तर उघड विकायला असतात. ज्याच्याकडे बूट आहे आणि खोका नाही त्याचा भाव त्याने वाढतो. ओंकारने फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी मेसेज. लेबलचा फोटो पाठव. पाठवला. नऊ नंबरचाच आहे ना? हो. मग जरा वेळाने, भाई मी पण कल्याण साईडलाच आहे, स्टेशनला येऊन कॅश देतो, दोन हजार.

ओंकारने मला रात्री साडेअकराला घरी बोलावून घेतलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, भावजी झोपलेले. ताई म्हणे सरळ पोलिसात जाऊ. ओंकार म्हणे मी भेटतो, बूट घालून आला तर तिथेच धरतो. मी म्हटलं, तो चोरच असेल कशावरून, कुणीतरी त्याच्याकडून पाच-सहा हजारात घेतले असतील, कॉलेजमधला पोरगा असेल, खूश असेल, आणि आता त्याला फक्त खोका पाहिजे असेल.

"त्याला माहीत नसणार का चोरीचे आहेत ते? पाच हजारात कुठे मिळतात मामा?"

"माहीत असतं," मी म्हटलं, आणि मग रीबॉकचं सांगितलं. आर. एम. पासून मोज्यावरच्या डागापर्यंत सगळं. ताई माझी सख्खी बहीण, एकाच दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेली, तिला पण माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला वाटायचं तुला ट्यूशनचे पैसे मिळालेले. ओंकार बराच वेळ काही बोलला नाही, मग फोन उचलून त्या मुलाचा, मुलगाच असेल असं मी धरून चाललोय, प्रोफाईल फोटो मोठा करून बघायला लागला. फोटो क्रिकेटच्या बॅटचा होता.

तो मेसेज अजून तसाच आहे. मध्ये एकदा त्याने परत विचारलंन, भाई लास्ट काय घेणार. ओंकारने ना हो म्हटलं ना नाही, आणि जाहिरात पण काढली नाही. गेल्या आठवड्यात मी ताईकडे गेलो तर खोका कपाटावर दिसला नाही, मला वाटलं दिला वाटतं. विचारलं तर ताई म्हणाली, अरे देतोय कुठला, माळ्यावर आहे, चांगला जाड पुठ्ठा आहे म्हणून दिवाळीच्या लायटिंगच्या माळा भरल्या त्यात.